भिंत सोडून गेलेले भित्तिफलक

शाळेतील विज्ञान-प्रदर्शनाचे चित्र तुम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे. भिंतीला लावून ओळीने मांडलेली बाके, त्यांवर पुठ्ठ्याच्या व थर्माकोलच्या प्रतिकृती, मागे टाचण्यांनी अडकविलेले रंगीत तक्ते आणि प्रत्येक तक्त्याशेजारी हातात पट्टी घेऊन उभा असलेला एक विद्यार्थी. पाहुणे आले की तो पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणून दाखवितो, आणि एखाद्या चौकस पाहुण्याने मध्येच "पण हे असेच का?" असे विचारले म्हणजे क्षणभर गांगरतो. आमच्या मते प्रदर्शनातील सर्वांत मोलाचा क्षण तोच होय. तोवर पाठांतर चाललेले असते. विज्ञान तेथून पुढे सुरू होते.

मोठमोठे संशोधकही आपल्या परिषदांतून नेमके हेच करीत असतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्याही मागे एक तक्ता असतो, तेही त्याच्याशेजारी ताटकळत उभे असतात आणि अवघड प्रश्न आला म्हणजे तेही गांगरतात. या तक्त्याला ते 'पोस्टर' म्हणतात; आपण त्यास भित्तिफलक म्हणू. या भित्तिफलकाने २०१५ सालापासून भिंत सोडून समाजमाध्यमांच्या पडद्यावर बिऱ्हाड थाटण्यास आरंभ केला. ते कसे घडले, त्यात काय साधले आणि काय गमावले, हे या लेखात सांगण्याचा आमचा हेतू आहे. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. रसायनाचे सूत्र पाहिले की आजही आमची मान आपोआप दुसरीकडे वळते. तथापि चांगला फलक कोणता हे ठरविताना आमच्यासारख्या परक्या वाचकाचे मत अगदीच टाकाऊ नसते, याचे कारण पुढे येईलच.

पूर्वी संशोधन सांगण्याची रीत एकच होती : सभेपुढे उभे राहून निबंध वाचावयाचा. भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत भरले. सर आशुतोष मुखर्जी हे अध्यक्ष होते. १०५ शास्त्रज्ञ जमले आणि सहा शाखांत मिळून ३५ निबंध वाचले गेले. तीन दिवसांत एवढे काम सहज उरकते. परंतु पुढे जगभर विद्यापीठे वाढली, प्रयोगशाळा वाढल्या आणि एकेका परिषदेस शेकड्यांनी निबंध येऊ लागले. प्रत्येकास दहा मिनिटे द्यावयाची म्हटले तरी दिवस पुरेनात. आणि एकाच वेळी पाच दालनांत पाच व्याख्याने ठेवावीत तर ज्याला दोन ऐकावयाची आहेत त्याने काय करावे?

यातून जी वाट निघाली ती भित्तिफलकाची. युरोपातील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या संस्थासंघाने १९६९ साली माद्रिद येथील अधिवेशनात भित्तिफलकांची बैठक भरविली, आणि १९७४ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिस येथे जीवरसायन व जीवभौतिकी या विषयांच्या सभेत तिचे अनुकरण झाले. तेथून ही प्रथा सर्वत्र पसरली. रीत अगदी साधी आहे. मोठ्या दालनात फळ्या उभ्या करावयाच्या, प्रत्येक फळीस क्रमांक द्यावयाचा, संशोधकाने आपला कागद तेथे टाचावयाचा आणि नेमलेल्या वेळेत शेजारी उभे राहावयाचे. व्याख्यानात श्रोता खुर्चीला बांधलेला असतो. येथे तो बाजारात फिरावे तसा फिरतो, वाटेल तेथे थांबतो, न पटले तर पुढे जातो. वक्त्याला शंभर माणसे एकदम भेटतात, पण त्यांपैकी एकाशीही धड बोलणे होत नाही. फलकाजवळ पंधराच येतील, परंतु ती पंधराही प्रश्न विचारतील. म्हणून फलकाचे सारे मर्म त्याच्या शेजारी होणाऱ्या संभाषणात आहे. नुसता कागद लावून चहा प्यावयास निघून गेलेल्या संशोधकाने फलक सादर केला असे म्हणता येणार नाही.

येथवर सारे ठीक. परंतु त्या फळीपर्यंत पोहोचावयाचे कसे?

आपल्या भोपाळचेच उदाहरण घ्या. भौंरी येथील भारतीय विज्ञान शिक्षा व अनुसंधान संस्था २००८ साली स्थापन झाली. तेथे, तसेच नगरातील अन्य संस्थांत, पुष्कळ तरुण-तरुणी संशोधन करीत आहेत. आपण 'वैज्ञानिक' म्हटले की पांढरा कोट घातलेले वृद्ध गृहस्थ डोळ्यांपुढे आणतो. वास्तविक यांतील बहुतेक तुमच्या थोरल्या भावंडांच्या वयाचे. यांपैकी एखादीला आपला फलक युरोपातील परिषदेत लावावयाचा असेल तर विमानाचे भाडे, प्रवेशशुल्क, परवाना म्हणजे व्हिसा, राहण्याचा खर्च, एवढे सारे तिच्या शिष्यवृत्तीत बसवावे लागते. कधी संस्था मदत करते, कधी सरकारी योजनेतून पैसे मिळतात, पुष्कळदा मिळत नाहीत. घरी लहान मूल असलेल्या स्त्रीस, किंवा ज्याला दूरचा प्रवास झेपत नाही अशा अपंग संशोधकास, पैसे मिळूनही जाता येत नाही. फळी सर्वांना मोकळी होती खरी, पण तिच्याकडे जाणारा रस्ता मोकळा नव्हता.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिटनमधील रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेच्या आश्रयाने एक निराळाच प्रयोग झाला. या संस्थेची परंपरा १८४१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीपर्यंत मागे जाते. म्हणजे संस्था जुनी, पण कल्पना नवी. वैश्लेषिक रसायन या शाखेतील संशोधकांनी आपले फलक ट्विटर या समाजमाध्यमावर एकाच ठरलेल्या दिवशी मांडावेत, आणि परीक्षकांनी व इतरांनी तेथेच प्रश्न विचारावेत, असे ठरले. दालन नाही, फळी नाही, टाचणी नाही आणि प्रवेशशुल्कही नाही. मँचेस्टर येथील एडवर्ड रँडव्हिर व त्यांचे सहकारी यांनी त्याच वर्षी या प्रयोगाचा वृत्तान्त एका शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केला आणि तीस जगातील पहिली ट्विटर भित्तिफलक स्पर्धा म्हटले. २०१७ पासून रसायनशास्त्राच्या सर्व शाखांना तिचे दार उघडले. समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासकांनीही २०१५ सालीच ट्विटरवर आपली परिषद भरविली. तीत वक्त्याने आपले सारे म्हणणे मोजक्या छोट्या संदेशांच्या मालिकेत सांगावयाचे होते.

ज्या कुटुंबांत ही माध्यमे वापरली जात नाहीत, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. ट्विटर हे २००६ साली सुरू झालेले माध्यम. त्यावर कोणीही छोटा संदेश लिहावा आणि जगातील कोणीही तो वाचावा, अशी योजना. संदेशाची मर्यादा आरंभी १४० वर्णांची होती, कारण मोबाईलवरील साध्या संदेशात १६० वर्ण मावत आणि त्यांतील वीस लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून ठेवलेले असत. २०१७ च्या नोव्हेंबरात ती २८० झाली. (येथे देवनागरी लिहिणाऱ्याची एक मौज होते. 'विद्यार्थी' या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. संगणक मात्र प्रत्येक मात्रा आणि जोडाक्षरातील प्रत्येक हलन्त-चिन्ह वेगळे धरून त्यांत दहा वर्ण मोजतो. एकदा पाटीवर सुटे करून पाहा.) संदेशासोबत चित्र जोडता येते, आणि आपला फलक हे एक चित्रच होय.

परंतु अक्षरशः कोट्यवधी संदेशांच्या गर्दीत परिषदेचे फलक सापडावेत कसे? त्यासाठी एक खूण लागते. चार रेघांचे जाळीसारखे चिन्ह काढून त्याला चिकटून एखादा शब्द लिहावयाचा. हिला हॅशटॅग म्हणतात. ट्विटरवर ही युक्ती क्रिस मेसिना यांनी २००७ साली सुचविली. परिषदेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाने ठरलेली खूण आपल्या संदेशात घालावयाची आणि पाहणाऱ्याने ती खूण शोधावयाची, की सर्व फलक एकाखाली एक हजर होतात. शाखेनुसार आणखी एक खूण जोडली की दालनातील वेगवेगळे विभागही झाले. जत्रेत हरवू नये म्हणून एकाच गावच्या मंडळींनी एकाच रंगाची पागोटी बांधावीत, तसाच हा प्रकार.

सभा चोवीस तास चालते, आणि त्याला कारण आहे. पृथ्वी गोल असल्याने सर्वांना सोयीचा असा एक तास जगात नाही. ग्रिनिच येथे मध्यान्हीचे बारा वाजतात तेव्हा भोपाळास सायंकाळचे साडेपाच होतात आणि जपानात रात्रीचे नऊ. म्हणून एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत सभा मोकळी ठेवली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास जागेपणाचे काही तास येतातच. भोपाळच्या संशोधकाने सायंकाळी फलक मांडावा, रात्री युरोपातील प्रश्नांना उत्तरे द्यावीत, झोपावे, आणि सकाळी उठून अमेरिकेतून रात्रीत आलेले प्रश्न वाचावेत. समोरासमोरच्या बैठकीत तडकाफडकी उत्तर द्यावे लागते. येथे वही उघडून, आकडा पडताळून उत्तर देता येते. भिडस्त स्वभावाच्या विद्यार्थ्यास हा मोठाच दिलासा होय.

२०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे जगातील परिषदा एकामागून एक रद्द होऊ लागल्या, तेव्हा या खेळवजा वाटणाऱ्या प्रयोगाकडे लोकांनी गांभीर्याने पाहिले. त्याच वर्षी लॅटिन अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी 'लॅटिनएक्सकेम' या नावाची आपली स्वतंत्र परिषद ट्विटरवर भरविली. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

आता प्रत्यक्ष फलकाकडे वळू. कागदावरचा फलक तसाच्या तसा पडद्यावर टाकला तर काय होते, हे गणिताने पाहणे बोधप्रद आहे. परिषदेतील फलकाचे एक प्रचलित माप 'ए-शून्य' हे आहे : रुंदी ८४१ मिलिमीटर, उंची १,१८९ मिलिमीटर, क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर. (तुमच्या परिचयाचा 'ए-चार' कागद म्हणजे याचा सोळावा भाग.) मोबाईलचा पडदा सुमारे ७० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे फलक बारा पटींनी आक्रसला. कागदावर २४ पॉइंटांचे अक्षर चार पावलांवरून सुखाने वाचता येते. तेच पडद्यावर २ पॉइंटांचे होते. वर्तमानपत्रातील बारीक मजकूरही ८ पॉइंटांच्या आसपास असतो. तेव्हा पडद्यावर ८ पॉइंट हवे असतील तर मूळ फलकावर अक्षर ९६ पॉइंटांचे, म्हणजे सुमारे ३४ मिलिमीटरांचे, घातले पाहिजे. या आकाराच्या जेमतेम एकोणतीस ओळी त्या कागदावर बसतात. निम्मी जागा आकृतीस दिली की हातात शंभर-सव्वाशे शब्द उरतात.

शंभर शब्दांत तीन वर्षांचे संशोधन! पुष्कळ संशोधक येथेच हात टेकतात आणि मोठा करून पाहावा लागेल असा दाट फलक मांडून मोकळे होतात. वाचक तो मोठा करण्याचे कष्ट घेत नाही. अंगठ्याच्या एका फटकाऱ्यासरशी पुढे जातो. ज्यांना हे साधते ते काय करतात, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, आपल्या नगरातील एका विद्यार्थिनीने मोठ्या तलावाच्या पाण्याचा अभ्यास केला. राजा भोजाच्या काळापासून, म्हणजे अकराव्या शतकापासून, सांगितला जाणारा हा तलाव. धाकट्या तलावासह त्यास २००२ साली 'भोज पाणथळ' या नावाने रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांत स्थान मिळाले. नगराच्या पिण्याच्या पाण्याचा तो एक मोठा आधार आहे, हे नळाखाली घागर लावणाऱ्या कोणासही सांगावयास नको. मूर्तिविसर्जनापूर्वी व नंतर पाण्यातील शिशाचे प्रमाण बदलते काय, असा तिचा प्रश्न आहे. कागदी फलकावर ती शीर्षक लिहील : 'भोपाळस्थित ऊर्ध्व तलावातील जलाच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा ऋतुमानानुसार तौलनिक अभ्यास'. हे वाचून विषय कळतो, पण तिला काय आढळले ते कळत नाही. पडद्यावरच्या फलकाचे शीर्षक असे हवे : 'विसर्जनानंतर तलावात शिसे वाढते का? आम्ही मोजून पाहिले.' त्याखाली एकच आलेख. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर प्रमाण, आणि विसर्जनाचा दिवस दाखविणारी एक उभी रेघ. त्याखाली दोन वाक्ये : नमुने कोठून व किती घेतले आणि काय निघाले. उरलेले सर्व प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावे.

यात काही कारागिरीच्या गोष्टीही आहेत. लाल आणि हिरव्या रंगांतील भेद ज्यांच्या डोळ्यांस कळत नाही असे पुष्कळ लोक असतात, विशेषतः पुरुषांत. म्हणून आलेखातील दोन रेषा याच दोन रंगांनी काढू नयेत, किंवा एक सलग व एक तुटक काढावी. ज्यांना दृष्टीच नाही त्यांच्यासाठी चित्राचे वर्णन शब्दांत लिहून चित्राला जोडता येते, आणि यंत्र ते मोठ्याने वाचून दाखविते. कागदाच्या फलकाला हे कधीच साधले नव्हते. हे वर्णन लिहिताना आपल्या आकृतीत खरोखर सांगण्यासारखे काही आहे की नाही, हेही लिहिणाऱ्यास कळून चुकते. फलक पूर्ण झाला म्हणजे तो घरातील अशा माणसास दाखवावा ज्याचा त्या विषयाशी संबंध नाही. कला शाखेच्या पदवीधरांचा उपयोग होतो तो येथे!

मग खरे काम सुरू होते. आमच्या कल्पनेतील विद्यार्थिनीस पहिला प्रश्न येईल तो असा : "नमुने काठाजवळचे की मध्यभागचे?" दुसरा येईल : "विसर्जनाच्या आठवड्यात पाऊस पडला होता काय? रस्त्यावरचा गाळ वाहून आला नसेल कशावरून?" हा प्रश्न अवघड आहे, आणि तो ज्याने विचारला तो तिचा शत्रू नव्हे. तिच्याजवळ पावसाची नोंद असेल तर ती तेथेच मांडता येईल. नसेल तर "ही नोंद आम्ही ठेवली नव्हती, पुढील वर्षी ठेवू" असे लिहिता येईल. हे उत्तर सर्वांसमोर, लेखी, कायम राहते. दालनातील संभाषण हवेत विरून जाते. येथे तिसरा माणूस महिन्याभराने येऊन तो सारा संवाद वाचू शकतो.

दूर बसलेल्या माणसाशी लिहून विज्ञान बोलावयाचे, ही कल्पना आपल्या मध्यप्रदेशास नवी नाही. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील (आजचे नर्मदापुरम) सोळा शाळांत किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या, भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेने तो चालविला. मुलांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात सवालीराम नावाचे एक पात्र होते. कोणताही प्रश्न पडला की मुलांनी सवालीरामला पत्र लिहावयाचे, आणि उत्तर घरी येत असे. सवालीराम ही काही एक व्यक्ती नव्हती; त्या नावामागे जाणकार मंडळी बसून उत्तरे लिहीत. खेड्यातील मुलास पत्राचे उत्तर येते, म्हणजे आपला प्रश्न कोणीतरी प्रश्न म्हणून स्वीकारला, ही जाणीव त्यास होते. तो कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला. समाजमाध्यमावरील परिषदेचा वृत्तान्त प्रथम वाचला तेव्हा आम्हांस सवालीरामचीच आठवण झाली. भेद एवढाच की सवालीरामचे उत्तर एका मुलाच्या हाती पडे, आणि येथील उत्तर सारे जग वाचते.

सारे जग वाचते, याचे मोल भोपाळकरांस विशेष कळावे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री ज्या वस्त्यांवरून मिथाइल आयसोसायनेट वायू गेला, तेथील माणसांस आपण श्वासाबरोबर नेमके काय घेतले आणि त्याचे पुढे काय होणार, हे विचारावयाचे होते. अभ्यास झाले, अहवाल लिहिले गेले, परंतु ज्यांच्या फुप्फुसांविषयी ते होते त्यांनी लेखकासमोर उभे राहून "याचा अर्थ काय?" असे विचारावे, अशी जागा त्यांना कोणी सहजी दिली नाही. परिषदेच्या दालनात गळ्यात ओळखपत्र नसलेल्यास प्रवेश नसतो. पडद्यावरच्या फलकापुढे मात्र कामगार, गृहिणी, शाळकरी मुलगा कोणीही थांबू शकतो. तो थांबलाच आणि त्यास समजले असे प्रत्येक वेळी होत नाही. दार असून नसल्यासारखे ठेवण्याची कला विद्वानांस चांगली अवगत असते.

दाराला कडी नसण्याचे तोटेही आहेतच. मोकळ्या दारातून चौकस माणसाबरोबर टवाळखोरही आत येतो, आणि नवख्या संशोधकास, त्यातही मुलीस, त्याचा त्रास सोसावा लागतो. दुसरे असे की, अद्याप पूर्ण न झालेले काम मांडले म्हणजे ते प्रसिद्ध झाले असे धरले जाते. शोधाचे पेटंट घ्यावयाचे असेल तर तो आधी जाहीर झालेला नसावा लागतो. म्हणून फलक मांडण्यापूर्वी मार्गदर्शकांची व सहकाऱ्यांची संमती घेणे केवळ शिष्टाचाराचे नव्हे, आवश्यकच असते. तिसरी गोष्ट टाळ्यांची. पसंतीची बदामे किती मिळाली हे प्रत्येक फलकाखाली दिसत असते, आणि सुंदर रंगांच्या सामान्य कामास ती पुष्कळ, तर रूक्ष पण भक्कम कामास थोडी मिळतात. परीक्षक नेमलेले असतात ते यासाठीच.

सर्वांत मोठी अडचण वेगळी आहे. दालन विद्यापीठाचे असते. समाजमाध्यम एका खाजगी कंपनीच्या मालकीचे असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली, जुलै २०२३ मध्ये त्याचे नावच 'एक्स' झाले, आणि खाते नसलेल्या वाचकास तेथे खूण शोधून सारे फलक पाहणे अशक्य झाले. पुष्कळ संशोधक ते माध्यम सोडून गेले. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या परिषदेनेही पुढे लिंक्डइन या दुसऱ्या माध्यमाचा आश्रय घेतला. भाड्याच्या घरात संसार थाटला म्हणजे मालकाची मर्जी सांभाळावी लागते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून शहाणे संशोधक आपला फलक समाजमाध्यमावर मांडतात आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या किंवा सार्वजनिक संग्रहात कायम ठेवतात. माध्यम बंद पडले तरी काम उरते. प्रत्यक्ष भेटीची बरोबरी मात्र यातले काहीच करीत नाही. फलकाजवळ भेटलेल्या माणसाबरोबर चहाला जावे आणि तेथून पुढल्या पाच वर्षांच्या कामाची दिशा सापडावी, हे भाग्य दालनातच लाभते. आमचे मत विचाराल तर दोन्ही हवीत, परंतु ज्याला दालनाचे भाडे परवडत नाही त्यास "पडद्यावर काय मजा?" असे हिणविण्याचा अधिकार, दरवर्षी विमानाने परिषदांस जाणाऱ्यांस नाही.

भाषेविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करू. या परिषदांतील बहुतेक सर्व फलक इंग्रजीत असतात. लॅटिनएक्सकेमने मात्र स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील फलकांसही जागा दिली, आणि ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. आमच्या घरी कोकणी बोलली जाते, वर्गात आम्ही मराठी शिकवितो आणि रस्त्यावर पाऊल टाकले की हिंदी सुरू होते. तेव्हा एकच गोष्ट तीन भाषांत सांगताना तिचे कोणते अंग आपल्याला नीट समजलेले नाही, हे कसे उघडे पडते याचा अनुभव रोजचा आहे. 'शोषण' आणि 'अधिशोषण' या दोन शब्दांतील भेद मराठीत समजावून सांगावा लागला, की इंग्रजीत नुसताच पाठ केला होता हे ध्यानात येते. पहिल्यात पदार्थ आत मुरतो, टिपकागदात शाई मुरावी तसा. दुसऱ्यात तो पृष्ठभागावर चिकटून राहतो, पाणी गाळण्याच्या यंत्रातील कोळशाच्या कणांवर अशुद्धी चिकटते तसा. फलक इंग्रजीत असला तरी त्याखालच्या पहिल्या उत्तरात चार ओळी मराठीत लिहिण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

तुम्ही मात्र अद्याप या माध्यमांवर जाण्याची घाई करू नये. तेथे खाते उघडण्यास माध्यमाने ठरविलेले किमान वय पुरे असावे लागते, आणि त्यानंतरही ते आईवडिलांच्या संमतीने व देखरेखीखालीच करावे. परंतु फलकाची रीत शिकण्यास खाते लागत नाही. येत्या विज्ञान-प्रदर्शनासाठी तक्ता कराल तेव्हा तो शंभर शब्दांत बसवा, शीर्षकात आपला प्रश्न लिहा, आणि मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढून आजीस वाचावयास द्या. तक्त्याखाली एक कोरा कागद आणि दोरीने बांधलेली पेन्सिल लटकवून ठेवा. पाहुण्यांनी त्यावर प्रश्न लिहावेत, तुम्ही रात्री घरी जाऊन पुस्तके उघडावीत, ज्यांना विचारावयाचे त्यांना विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी घंटा होण्यापूर्वी त्याच कागदावर, प्रश्नाच्या खाली, शाईने उत्तर लिहून आपल्या नावाची सही करावी.